फोनवर ठरलेली वेबसाइट : कोल्हापूर-सांगलीच्या उद्योजकांना खुले पत्र

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातले कारखानदार, इचलकरंजीचे यंत्रमागधारक, हुपरीचे चांदी व्यावसायिक, सांगली-तासगावचे हळद-बेदाण्याचे व्यापारी, दवाखाने थाटलेले डॉक्टर, शाळा चालवणाऱ्या संस्था, आणि "ताई, एक साधी वेबसाइट करून द्या की" असं ज्यांनी कधी ना कधी म्हटलंय त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे कुणी कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, मागायला आलं तर तुम्ही ड्रॉइंग मागता, ग्रेड विचारता, नग किती ते विचारता, आणि पर्चेस ऑर्डर हातात पडल्याशिवाय साच्यासाठीचा पॅटर्न करायला टाकत नाही. तेच तुम्ही वेबसाइटचं काम मात्र फोनवर ठरवता. नाहीतर लग्नाच्या पंगतीत. "लई काही नको, साधीच पायजे, चार पानांची" एवढ्यावर माझं काम सुरू होतं. ती चार पानं कुठली, त्यावर काय असणार, कधी द्यायची, पैसे किती आणि कधी, आणि झाल्यावर ती कुणाची, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं.

मी कोल्हापुरात राहून बरीच वर्षं हेच काम करते. कुठल्या कंपनीत नोकरीला नाही. राजारामपुरीतल्या घराची मागची खोली हेच ऑफिस. शेजारच्या काकू अजून अधूनमधून विचारतात की कुठे लागलीस का. तुमच्यातले बरेचजण मला नावानं ओळखतात, म्हणून हे पत्र एकेकाला न लिहिता सगळ्यांना मिळून लिहिते. एकट्यादुकट्याला लिहिलं तर वाटेल की ताईंचं आपल्याशी काहीतरी बिनसलंय. तसं काही नाही. मागणं एवढंच आहे की आपला व्यवहार कागदावर यावा. आणि तो कागद माझ्यापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचा आहे. हे पटवायला जरा वेळ लागेल, म्हणून पत्र लांबलंय.

सुरुवात एका प्रश्नापासून. तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न मी प्रत्येक नव्या भेटीत विचारते आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "ते आमच्या पुतण्याच्या मित्रानं केलं होतं. तो आता पुण्याला असतो." पुढे विचारलं की कुठून घेतलं, पासवर्ड कुणाकडे आहे, तर साहेब अकाउंटंटकडे बघतात आणि अकाउंटंट पंख्याकडे.

वेबसाइट म्हणून तुम्ही ज्या एका वस्तूचे पैसे देता त्या खरं तर तीन वेगळ्या वस्तू आहेत. डोमेन म्हणजे तुमचं नाव, डॉट कॉम किंवा डॉट इनवालं. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीनं नोंदवून मिळतं आणि दर वेळी मुदत वाढवावी लागते. डॉट इनची सगळी व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते, पण नोंदणी तुम्ही एखाद्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, करता. होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या असतात तिथलं भाडं. आणि तिसरी ती साइट, म्हणजे माझं काम. यातलं होस्टिंग बदलता येतं, साइट पुन्हा करता येते. नाव गेलं की मात्र हात चोळत बसावं लागतं.

नाव कसं जातं तेही सांगते, कारण ते फार गुपचूप जातं. डॉट कॉमची मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी रजिस्ट्रारनं सूचना पाठवायची असते. ती जाते नोंदणी करताना दिलेल्या ईमेलवर. तो ईमेल त्या पुतण्याच्या मित्राचा, कॉलेजात असताना उघडलेला, आता कुणी न बघणारा. मुदत संपते. साइट बंद पडते, आणि त्याच नावावरचे ऑफिसचे ईमेलही बंद पडतात. साइट बंद झालेली आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही, पण चाकणच्या कंपनीनं पाठवलेली चौकशी परत गेली की फोन येतो. रजिस्ट्रार देईल ती सवलतीची मुदत टळल्यावर नाव सोडवून घ्यायला आणखी ३० दिवस असतात, पण तेव्हा दंडासकट मोठी रक्कम मागतात. त्यानंतर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. मग ते नाव जगात कुणालाही घ्यायला मोकळं. अशी सुटलेली नावं टिपून घेणारे लोक टपूनच असतात, कारण जुन्या नावावर लोकांचं येणंजाणं आधीपासून असतं. एका कारखान्याच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता टाकला की सट्ट्याची जाहिरात उघडायची, आणि कार्डं छापलेली होती गठ्ठ्यानं.

वर्षाला हजार-दीड हजार रुपयांची ही गोष्ट. ती तुमच्या नावावर, तुमच्या रोज बघण्यातल्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डानं घ्या. नोंदणी आम्ही करून देऊ, शेजारी बसून देऊ, पण खातं तुमचं पाहिजे. "ते माझ्याकडेच राहू दे, तुम्ही कशाला त्रास घेता" असं कुठलाही डिझायनर म्हणाला की सावध व्हा. मी म्हणाले तरी व्हा. हूइज नावाची सोय आहे, तिथे आपलं डोमेन टाकलं की रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते फुकट दिसतं. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण या दोन गोष्टी कळल्या तरी पुढचा फोन कुणाला करायचा ते समजतं.

आमच्या धंद्यातलं एक वाईटही इथेच सांगून टाकते. बिल थकलं की डोमेन अडवून धरणारे लोक आमच्यात आहेत. पैसे द्या, मग पासवर्ड देतो. त्यांच्यावर ही पाळी का येते हे मला चांगलं ठाऊक आहे, तरीही ते चूकच आहे. काम केल्याचे पैसे मागायला दुसरा रस्ता असतो आणि त्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

आता कामाबद्दल. तुम्हाला वाटतं साइट उशिरा होते ती डिझाइनमुळे. पहिल्या पानाचा आराखडा मी आठवडाभरात दाखवते. तुम्ही "छान आहे" म्हणता. मग मी मजकूर मागते आणि सगळं थांबतं. "तुम्हीच लिहा की, तुम्हाला जमतंय ते." मी लिहिते आणि मग तुमच्या साइटवर तेच येतं जे शेजारच्या शेडवाल्याच्या साइटवर आहे. गुणवत्ता हेच आमचं ब्रीद, ग्राहकांचा विश्वास हीच आमची कमाई, अनुभवी व तज्ज्ञ टीम. हे वाचून आजवर कुणी कुणाला ऑर्डर दिली असेल असं मला वाटत नाही.

एकदा शिरोलीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यात, मालकांबरोबर भट्टीपाशी उभी होते. सहज विचारलं, तर दहा मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन्ही जाती ओततो, सगळ्यात जड नग किती किलोचा निघतो, धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे, मशिनिंग करूनच माल देतो, महिन्याला किती टन निघतो, कुठल्या जातीचे नग आपण घेतच नाही. परदेशातला नाहीतर पुण्याकडचा खरेदीवाला साइटवर नेमकं हेच शोधत असतो. त्याला ब्रीदवाक्य नको असतं. त्याला बघायचं असतं की आपला नग इथे होईल का, आणि तो हे बघायला फार तर मिनिटभर देतो. त्या दिवशी मालक जे बोलले ते मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि जवळजवळ तसंच साइटवर उतरवलं. तेव्हापासून कारखान्याची साइट असेल तर मी मजकूर मागतच नाही, मालकांचा एक तास मागते. तो तासही कागदावर यायला पाहिजे, कारण तो मिळवायला कधीकधी महिने जातात.

फोटोंचंही तेच. "गुगलवरनं चांगलेसे घ्या." गुगलवरचा फोटो कुणाचा तरी असतो, आणि त्याच्या मालकाची नोटीस आली तर ती तुमच्या नावानं येते. विकतचे घ्यायचे म्हटलं तर पिवळ्या हेल्मेटातले गोरे इंजिनिअर हसत उभे. आपल्या शेडमध्ये इतकं कुणी हसतं का? त्यापेक्षा तुमच्या फोननं दिवसाउजेडी काढलेला खरा फोटो चालतो. मात्र तो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवू नका, ते त्याचा आकार कमी करून पाठवतं आणि मोठ्या पडद्यावर चित्र फाटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एवढी एक गोष्ट सगळ्यांनी केली तर माझ्या महिन्यातले निम्मे फोन कमी होतील.

शिक्षणसंस्थांसाठी इथे थोडं वेगळं बोलायला हवं. तुमच्याकडे मजकूर असतो, तोही मराठीत, आणि भरपूर. अहवाल, इतिहास, संस्थापकांचं मनोगत. फक्त तो डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर पेजमेकर किंवा कोरल अशा छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात. "सगळं टाइप केलेलं आहे, नुसतं कॉपी-पेस्ट करायचंय" असं सांगितलं जातं. मी कॉपी करते आणि पेस्ट केल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. कारण जुन्या फॉन्टांत आतली अक्षरं इंग्रजीच असायची, त्यांच्यावर फक्त देवनागरी आकार चढवलेले. फॉन्ट काढला की मराठी गेली. युनिकोड या आताच्या पद्धतीत क हा क म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो फोनवर दिसतो, गुगलला सापडतो आणि अंध वाचकाला स्क्रीन रीडर वाचून दाखवू शकतो. एकातून दुसऱ्यात बदलून देणारी साधनं आहेत, पण ती जोडाक्षरात आणि रफारात हमखास अडखळतात. 'कार्यकारी', 'दुसऱ्या', 'शैक्षणिक' हे शब्द मला एकेक करून तपासावे लागतात. संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास असा तपासायला दिवस लागतात, आणि तुमच्या हिशेबात ते कॉपी-पेस्ट असतं.

मराठी साइटीचं डिझाइनही इंग्रजीवरून उचलता येत नाही. इंग्रजीत अक्षरं लांब लांब ठेवून मथळे सजवायची फॅशन आहे. तेच देवनागरीला केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटून पडतो. दोन ओळींत इंग्रजीएवढंच अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. पान मराठीत आहे हे कोडमध्ये लिहिलं नाही तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. एका ओळीचं काम, पण किती सरकारी आणि खासगी साइटींवर ते केलेलं नसतं हे तुम्हीच बघा. चांगले फॉन्ट मात्र आता फुकट मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट मी कित्येक शाळांना वापरलाय, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि एवढं सगळं झाल्यावर मीटिंगमध्ये एक विश्वस्त हमखास म्हणतात, "इंग्रजीतच ठेवा, जरा प्रोफेशनल वाटतं." सर, तुमच्या शाळेत मुलगी घालायला येणारी आई ते फोनवर वाचणार आहे. तिला विचारू या का एकदा?

मग येतात बदल. यांच्याबद्दल लिहावं तेवढं थोडं, पण थोडंच लिहिते, कारण यातलं बरंचसं माणसाच्या स्वभावाचं आहे. लोगो जरा मोठा करा. सगळं चांगलंय, पण उठाव नाही. मिसेसना हिरवा रंग आवडला नाही. हे चालायचंच, आराखडा दाखवल्यावर दोन फेऱ्या बदलांच्या असतात हे मी धरूनच चालते. अडचण होते ती "जाता जाता"वाल्यांची. साइट प्रकाशित करायच्या आदल्या दिवशी फोन येतो, "जाता जाता तेवढं ऑनलाइन पेमेंटचं बटण टाका." ते बटण नसतं हो. पेमेंट गेटवेवाली कंपनी तुमचं पॅन, बँकखातं आणि व्यवसायाचे कागद तपासते. साइटवर परताव्याचं धोरण, अटी, माल पोचवण्याच्या मुदती, संपर्काचा पत्ता अशी वेगळी पानं असावी लागतात. पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदलीच नाही, असं झालं तर काय, हे ठरवावं लागतं. ते दुसरं काम आहे, त्याचं दुसरं कोटेशन असतं. हे मी म्हणाले की समोरून शांतता, आणि मग "आपल्यात एवढं काय" येतं.

साइट झाली म्हणजे संपलं असंही नाही. तुमच्यातल्या बहुतेकांच्या साइटी वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहेत, जगातल्या दर दहांपैकी चार तशाच आहेत, आणि म्हणूनच चोरांना ते कुलूप पाठ आहे. त्याचे आणि त्याला जोडलेल्या प्लगिनांचे (जादा सोयींच्या भागांचे) अपडेट वेळच्या वेळी केले नाहीत तर कुणीतरी आत शिरतं. कसं कळतं? एका डॉक्टरांना पेशंटनं सांगितलं की गुगलवर तुमचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं दिसतात. साइट उघडून बघावी तर जशीच्या तशी. शिरलेल्यानं आत हजारो पानं पेरून ठेवली होती, ती फक्त गुगलला दिसायची. ती साफ करायला नवीन साइट करण्याएवढा वेळ गेला. कुलपाचं चिन्ह दाखवणारं प्रमाणपत्र आता लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, पण त्याची मुदत फार तर ९० दिवसांची असते. ते आपोआप वाढत राहिलं तर तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि कुणी होस्टिंगमध्ये हात घातला की बंद पडतं. देखभालीचे वर्षाचे पैसे मी मागते ते याचे. नको असेल तर नको म्हणा, पण लिहून द्या की नको. म्हणजे पुढे "तुम्ही बघायला पाहिजे होतं" हे वाक्य माझ्या वाट्याला येणार नाही.

आता जो भाग ऐकून तुमच्यातले काही दचकतील तो. तोंडी व्यवहारात तुम्ही पैसे पूर्ण दिले तरी साइटचं डिझाइन आणि कोड कायद्यानं तुमचे होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीतल्या माणसाने केलेलं काम मालकाचं असतं. मी तुमच्या पगारावर नाही. माझ्यासारख्यानं बाहेरून केलेल्या अशा कामाचा पहिला हक्क करणाऱ्याकडे राहतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत घातली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. म्हणजे तुम्ही दुसऱ्या डिझायनरकडे गेलात आणि जुनाच आराखडा पुढे वापरलात, तर पहिला डिझायनर आडवा येऊ शकतो. मी येणार नाही. पण तुम्ही माझ्या चांगुलपणावर का विसंबून राहायचं? कागदावर एक परिच्छेद असतो, पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क कायमचे व जगभरासाठी ग्राहकाकडे जातात. तो तुमच्यासाठी असतो.

आणि पैसे.

तुमच्याबरोबर चहा पिताना मी सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार कुठली असेल? मोठ्या कंपन्या पैसे वेळेवर देत नाहीत. माल गेला, त्यांच्या गाडीला लागला, गाडी विकली गेली, तरी आपलं बिल ९० दिवसांनी, १२० दिवसांनी. तुम्ही हे पोटतिडकीनं सांगता आणि ते खरंच आहे. त्याच टेबलावर मी माझ्या उरलेल्या रकमेचा विषय काढते तेव्हा उत्तर येतं, "पार्टीचं पेमेंट आलं की लगेच." नाहीतर "मार्चएंड होऊ द्या."

ज्या कायद्याचा आधार तुम्ही त्या मोठ्या कंपन्यांपुढे घेता तो २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा मलाही लागू आहे. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे, सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून. लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असेल तर त्यात ठरेल तेव्हा, पण ४५ दिवसांच्या पुढे नाही. काम हाती आल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. म्हणजे फोनवरचं "उठाव नाही" तिथे हरकत म्हणून चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी समाधान नावाचं पोर्टल सुरू केलं. अशी तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे जाते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही एक तरतूद आली. सीए लोक तिला ४३बी(एच) म्हणून ओळखतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल तुम्ही या मुदतीत दिलं नाही आणि वर्ष संपलं, तर तो खर्च त्या वर्षी तुमच्या उत्पन्नातून वजा होत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी होतो. म्हणजे "मार्चएंड होऊ द्या" म्हणून माझे पैसे अडवलेत तर कर तुम्हाला जास्त बसू शकतो. तुमच्या सीएला विचारा, मी सांगून पटणार नाही.

हे धमकी म्हणून लिहीत नाही. कोल्हापूर केवढं, आपण रोज एकमेकांच्या समोर येतो, तुमच्या मुलाच्या लग्नात मी जेवून आले आहे. तुमच्याविरुद्ध परिषदेकडे जायची माझी इच्छा नाही आणि त्यात जाणारा वेळ मला परवडणाराही नाही. म्हणूनच सुरुवातीलाच ठरलेलं बरं. माझी पद्धत आता अशी : कामाच्या आधी ४० टक्के, आराखडा मंजूर झाल्यावर ४०, आणि प्रकाशित करायच्या आधी २०. शेवटचे वीस 'आधी' का, हे ज्यांच्याकडे ते वीस अजून आहेत त्यांना कळेल.

जे टीडीएस कापतात त्यांना एक विनंती. कापा, जरूर कापा, पण भरा आणि रिटर्नमध्ये दाखवा. दहा टक्के कापून उरलेले मला दिले आणि कापलेले भरलेच नाहीत, तर ते माझ्या नावावरच्या आयकराच्या नोंदीत दिसत नाहीत आणि मी तो कर पुन्हा खिशातून भरते. विचारलं की अकाउंटंट सोडून गेला असं कळतं. इतके अकाउंटंट सोडून जातात तरी कुठे, हे एक कोडंच आहे.

मध्यंतरी एका तरुण उद्योजकानं मला फोनवर दाखवलं, एआयला सांगितलं आणि पाच मिनिटांत साइट तयार. दिसायला बरी होती. मी त्याला म्हटलं, एका पानाची गरज असेल तर हेच वापर, माझ्यावर पैसे घालू नकोस. मीही कोड लिहिताना ही साधनं वापरते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण त्याच्या पानावरही गुणवत्ता हेच ब्रीद होतं, कारण भट्टीपाशी उभं राहून कुणी विचारलं नव्हतं. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे हे विचारल्यावर त्यानंही पंख्याकडे बघितलं.

तर कागद. दोन पानांचा आहे, मराठीत, वकिली भाषा जमेल तेवढी काढून टाकलेली. पानं कुठली आणि किती, मजकूर आणि फोटो कोण देणार व कधीपर्यंत, बदलांच्या फेऱ्या दोन, त्यापुढच्या प्रत्येक फेरीचा दर, पैशाचे टप्पे, हक्कांचा परिच्छेद, देखभाल हवी की नको. माझ्या बाजूनं काय देणं लागते तेही त्यातच आहे. ठरल्या तारखेपेक्षा माझ्यामुळे उशीर झाला तर दर आठवड्याला बिलातून ठरावीक टक्के कमी. काम संपलं की सगळे पासवर्ड, मूळ फायली आणि संपूर्ण बॅकअप तुमच्या हातात, मागावं न लागता. आणि मी आजारी पडले, गाव सोडलं किंवा आणखी काही झालं, तर दुसऱ्या कुठल्याही डिझायनरला काम पुढे नेता येईल अशी एका पानाची माहिती. फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सात. साइट बंद पडली असेल तर कधीही. बॅनरवरचा दिवाळीचा कंदील डावीकडे घ्यायचा असेल तर सकाळी.

सही करायच्या आधी तो घरी न्या, सीएला दाखवा, खटकेल ते खोडा, आपण बसून बोलू. कागद म्हटलं की विश्वास नाही असं वाटणारे काहीजण आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी एकदा आपल्या कपाटातल्या पर्चेस ऑर्डरींच्या फायली बघाव्यात. त्या सगळ्या पार्ट्यांवर तुमचा विश्वास नाही का?

येत्या महिन्यापासून नवीन काम या कागदाशिवाय घेणार नाही. जुन्या साइटींसाठीही तो भरून घ्यायचा आहे, त्यासाठी एकेकाकडे येईन. चहा तुमचा, स्टॅम्पपेपर माझा.

ज्यांची बिलं बाकी आहेत त्यांनी या पत्राला तगादा समजू नये. तगादा व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळा येईल.

आपली,
राजारामपुरीतली वेबसाइटवाली ताई
कोल्हापूर